संगणकीय छायाचित्रणाचे प्रयोग करायचे आहेत, कॅमेरा कोणता घेऊ?

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मिररलेस कॅमेरा आहे, हातात बऱ्यापैकी अँड्रॉइड फोन आहे. एचडीआर (लख्ख उजेड आणि गडद सावली दोन्ही एकाच फोटोत आणणं), नाइट मोड, फोटो काढून झाल्यावर फोकस बदलणे या गोष्टी ॲपमध्ये वापरल्या आहेत, आता त्या स्वतः लिहून बघायच्या आहेत. त्यासाठी वेगळा कॅमेरा लागेल का? कोणता, आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर:

वेगळा कॅमेरा घ्या, पण महागडा नको. तुमच्या मिररलेसची लेन्स आणि सेन्सर मी पुढे सुचवणार आहे त्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सरस असणार, यात शंका नाही. तरीही या कामात तो मागे पडतो. संगणकीय छायाचित्रणात एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम मुद्दाम वेगवेगळ्या रीतीने घेतात आणि त्यांतून गणिताने एक चित्र काढतात. त्यासाठी प्रत्येक फ्रेमचं एक्सपोजर (प्रकाश किती वेळ घ्यायचा), गेन (सिग्नल किती पट वाढवायचा), फोकस आपल्या प्रोग्रॅममधून ठरवता आलं पाहिजे, आणि फ्रेम हातात आल्यावर ती प्रत्यक्षात कोणत्या सेटिंगवर घेतली गेली हे कॅमेऱ्याने खरं खरं सांगितलं पाहिजे. मेगापिक्सेल, लेन्सची धार, ब्रँड हे सगळं त्यानंतर. कॅमेरा निवडताना ही एकच कसोटी लावा.

ती का लावायची, हे आधी समजून घ्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हलतं चित्र दिसत असतं तेव्हा आत फ्रेमची रांग लागलेली असते. एक फ्रेम सेन्सरवर प्रकाश घेत असते, तिच्या आधीची वाचली जात असते, त्याआधीच्या फ्रेमवर रंग आणि धार यांचे संस्कार चालू असतात, आणि त्याहून आधीची पडद्यावर असते. अशा वेळी तुम्ही ‘एक्सपोजर निम्मं कर’ असा हुकूम सोडला, तर तो यांतल्या कोणत्या फ्रेमला लागला? जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला याचं उत्तर देता येत नाही. बदल दोन-तीन-चार फ्रेमनंतर कधीतरी दिसतो. खात्री हवी असेल तर रांग रिकामी होऊ द्यायची, सेटिंग बदलायचं आणि मग फ्रेम घ्यायची. एका फोटोपुरतं हे चालतं. पण सेकंदाला तीस फ्रेम येत असताना एक आड एक फ्रेम कमी आणि जास्त एक्सपोजरची हवी असेल तर हा मार्ग संपतो.

मिररलेसची अडचण हीच आहे. यूएसबीने संगणक जोडून, जीफोटो-२ सारखं मोफत साधन वापरून त्याला हुकूम देता येतात, पण हुकमापासून फोटोपर्यंतचा वेळ मोठा असतो आणि दर वेळी सारखा नसतो. सलग मालिकेत फ्रेमगणिक सेटिंग बदलायचं तर ब्रॅकेटिंगच्या (ठरावीक फरकाने सलग फोटो घेण्याच्या) मेनूत कंपनीने दिलंय तेवढंच. कॅननच्या जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी सीएचडीके आणि ईओएस मालिकेसाठी मॅजिक लँटर्न ही हौशी लोकांनी बाहेरून लिहिलेली सॉफ्टवेअर याच गरजेतून आली. मॅजिक लँटर्नने २०१३ मध्ये ‘ड्युअल आयएसओ’ आणलं: सेन्सरच्या दोन ओळी एका आयएसओवर, पुढच्या दोन दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकाच फोटोत. कोलंबिया विद्यापीठाचे श्री नायर आणि त्यांचे सहकारी मित्सुनागा यांनी २००० मध्ये शेजारशेजारच्या पिक्सेलना वेगवेगळं एक्सपोजर देण्याची कल्पना मांडली होती. हा तिचाच भाऊबंद. तुमच्याकडे चालणारं एखादं जुनं मॉडेल असेल तर हे जरूर करून बघा. फक्त त्यावर प्रोजेक्ट उभा करू नका, कारण फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) खोल अडकलात की मदत करणारे आता फार थोडे उरलेत.

रांगेच्या या प्रश्नावर नेमका उपाय पहिल्यांदा स्पष्टपणे मांडला तो स्टॅनफर्डच्या फ्रँकेनकॅमेऱ्याने, २०१० मध्ये. अँड्र्यू ॲडम्स, एनो-विले तालवाला आणि इतर विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक मार्क लेव्हॉय आणि मार्क हॉरोविट्झ, नोकियाच्या संशोधन विभागातले कारी पुल्ली यांचं हे काम. एफ-२ नावाचा त्यांचा कॅमेरा सुट्या भागांतून जोडलेला होता: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप-३ चिप, फोनमध्ये बसतो तसा ५ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि पुढे कॅननची लेन्स. त्याच सॉफ्टवेअरवर चालणारा दुसरा कॅमेरा म्हणजे दुकानात मिळणारा नोकिया एन-९०० हा लिनक्सवरचा फोन. एक ओबडधोबड पेटी आणि एक खिशातला फोन, दोघांना तोच प्रोग्रॅम चालतो, यातच त्या कामाची ताकद दिसते.

त्यांनी केलं काय, तर ‘कॅमेऱ्याची सध्याची सेटिंग’ ही कल्पनाच काढून टाकली. त्यांच्या एफकॅम या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ‘शॉट’ लिहिता. त्यात एक्सपोजर, गेन, व्हाइट बॅलन्स असतं, शिवाय एक्सपोजर सुरू झाल्यापासून इतक्या मायक्रोसेकंदांनी फ्लॅश उडव, लेन्स इथून तिथे हलव, असे हुकूमही त्याच शॉटला बांधता येतात. तो शॉट रांगेतून आपली सेटिंग स्वतःबरोबर घेऊन जातो. दुसऱ्या टोकाला ‘फ्रेम’ बाहेर येते. तिच्यासोबत तुम्ही काय मागितलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, या दोन्हींची नोंद असते. रांग भरलेली राहते, वेग कमी होत नाही, आणि प्रत्येक फ्रेम वेगळी घेता येते.

एवढ्या एका बदलाने काय काय सोपं झालं बघा. एक आड एक कमी-जास्त एक्सपोजर घेऊन व्ह्यूफाइंडरमध्येच एचडीआर दिसू लागलं. एन-९०० च्या पाठीला हालचाल मोजणारा जायरोस्कोप बांधून, हात सर्वांत कमी हलला त्या क्षणाची फ्रेम तेवढी ठेवायची आणि बाकीच्या टाकून द्यायच्या, हे थोड्या ओळींत लिहिता आलं. एफ-२ वर दोन फ्लॅश लावून, एक पूर्ण एक्सपोजरभर लुकलुकत ठेवायचा आणि दुसरा शेवटी एकदाच जोरात उडवायचा, असंही त्यांनी केलं. यांतला एकही प्रकार लेन्सच्या किंवा सेन्सरच्या नव्या शोधावर अवलंबून नव्हता.

२०१४ मध्ये अँड्रॉइड ५ सोबत कॅमेरा-२ हा इंटरफेस आला, त्यात हीच मांडणी आहे: प्रत्येक फ्रेमसाठी एक मागणी पाठवायची, प्रत्येक फ्रेमसोबत निकालाची नोंद परत येते. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनमध्ये फ्रँकेनकॅमेऱ्याचा वारसा आधीच असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणतोय, कारण कॅमेरा-२ मध्ये लेगसी, लिमिटेड, फुल आणि लेव्हल-३ असे स्तर आहेत आणि ‘फुल’ किंवा त्यावरचा स्तर असेल तरच फ्रेमगणिक नियंत्रणाची हमी असते. रॉ फ्रेम, म्हणजे सेन्सरचे संस्कार न झालेले आकडे, मिळणं ही त्याहून वेगळी क्षमता आहे, तीही तपासा. हे दाखवणारी मोफत ॲप प्ले स्टोअरवर सहज मिळतात. तुमचा फोन दोन्हींत बसत असेल तर एक पैसा खर्च न करता आजपासून सुरुवात करता येईल.

तरी मी शिकणाऱ्यांना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्याचा एचक्यू कॅमेरा घ्यायला सांगतो. २०२० मध्ये आलेल्या या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स-४७७ सेन्सर आहे: १२.३ मेगापिक्सेल, १.५५ मायक्रॉनचे पिक्सेल, १२ बिटचा रॉ. त्याला सीसीटीव्हीच्या दुनियेतल्या सी आणि सीएस माउंटच्या लेन्स बसतात, आणि त्या जुन्या बाजारातही मिळतात. लिबकॅमेरा हे त्याचं सॉफ्टवेअर मागणी आणि निकाल याच पद्धतीने चालतं, आणि त्यावरचं पायकॅमेरा-२ पायथॉनमध्ये आहे. फोनवर एक छोटा बदल तपासायला ॲप पुन्हा बांधावं लागतं. इथे एक ओळ बदलली की लगेच चालवून बघता येते. शिकताना या फरकाची किंमत फार मोठी असते.

पायकॅमेरा-२ वापरताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसेल. तुम्ही एक्सपोजर बदललं तरी पुढच्या काही फ्रेम जुन्याच सेटिंगच्या येतात. हा बिघाड नाही, वर सांगितलेली रांगच आहे. तिच्यासाठी किती वेळ थांबायचं याचा अंदाज करत बसू नका. प्रत्येक फ्रेमसोबत तिची माहिती येते, त्यात एक्सपोजर मायक्रोसेकंदांत आणि ॲनालॉग गेन असतं. ते वाचा, हवं ते जुळलं तरच फ्रेम ठेवा. चित्र आणि माहिती एकाच मागणीतून, एकत्रच काढून घ्या. वेगवेगळी मागितलीत तर एका फ्रेमचं चित्र आणि दुसऱ्या फ्रेमची माहिती हातात पडेल आणि पुढची सगळी गणितं हळूच बिघडतील. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद ठेवा.

आता पहिला प्रयोग. यात कोणाला काही सुंदर दिसणार नाही, पण तो टाळून पुढे जाऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. भिंतीवर पांढरा कागद लावा, लेन्सचा फोकस मुद्दाम बिघडवा म्हणजे कागदाचा पोत दिसणार नाही, आणि एकाच सेटिंगवर दोन रॉ फ्रेम घ्या. दोन्हींची वजाबाकी करा. जे कायमचे डाग, असमान प्रकाश, धूळ दोन्हींत सारखे आहेत ते निघून जातात आणि उरतो तो निव्वळ नॉइज, म्हणजे दर फ्रेमला बदलणारी यादृच्छिक खरखर. या फरकाचा व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी) काढून २ ने भागा. असं वेगवेगळ्या एक्सपोजरवर करून सरासरी उजेडासमोर व्हेरियन्स मांडला की जवळपास सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे एका इलेक्ट्रॉनला रॉमधले किती आकडे, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो वाचनाच्या नॉइजचा (सेन्सर वाचताना मिसळणाऱ्या नॉइजचा) वर्ग. रेषा काढण्याआधी काळ्याची पातळी वजा करायला विसरू नका. या सेन्सरच्या १२ बिट रॉमध्ये पूर्ण काळोख म्हणजे ० नसतो, सुमारे २५६ असतो. आणखी एक सांभाळायचं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, नाहीतर फ्रेमवर आडवे पट्टे येतील आणि दोन फ्रेमचा उजेड जुळणारच नाही.

या रेषेवर पुढचं सगळं उभं आहे. समजा एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरात उभं राहून तुम्ही दारातून उन्हाने भरलेल्या अंगणाचा फोटो काढताय. अंगण नीट येईल असं एक्सपोजर ठेवलं तर माजघर काळं, माजघर दिसेल असं ठेवलं तर अंगण पांढरंफट्ट. पुस्तकी उपाय म्हणजे वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम जोडणं. स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी १९९५ मध्ये आणि पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये त्याचं गणित घालून दिलं. ट्रायपॉडवर ते उत्तम चालतं. हातात कॅमेरा असेल तर लांब एक्सपोजरची फ्रेम हलते, तिच्यातलं अंगण जळालेलं, म्हणजे पूर्ण पांढरं झालेलं असतं, आणि जळालेल्या भागाला छोट्या एक्सपोजरच्या फ्रेमशी जुळवायचं कशाच्या आधारावर?

गूगलच्या सॅम हॅसिनॉफ, लेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी एचडीआर-प्लसमध्ये उलट वाट धरली. त्यांचा शोधनिबंध २०१६ चा आहे. सगळ्या फ्रेम एकाच, मुद्दाम कमी एक्सपोजरच्या घ्यायच्या. अंगण कुठेच जळत नाही. माजघर प्रत्येक फ्रेममध्ये अंधारलेलं आणि नॉइजने भरलेलं असतं, पण फ्रेम एकसारख्या असल्याने त्या जुळवता येतात, आणि जुळवून बेरीज केली की नॉइज दबतो. जळालेला उजेड परत आणता येत नाही. नॉइजमध्ये बुडालेली सावली मात्र बेरजेने वर काढता येते. मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत सुंदर निर्णय हाच वाटतो.

आकडे घालून बघा. सावलीतल्या एका पिक्सेलवर एका फ्रेममध्ये सरासरी २५ इलेक्ट्रॉन जमतात आणि वाचनाचा नॉइज ३ इलेक्ट्रॉन आहे असं धरा. प्रकाशाचा स्वतःचा नॉइज २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. दोन्ही मिळून २५ अधिक ९ चं वर्गमूळ, ५.८. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर ४.३. आता ९ फ्रेमची बेरीज: सिग्नल २२५, व्हेरियन्स २२५ अधिक ८१, गुणोत्तर १२.९. बरोब्बर तिप्पट, ९ चं वर्गमूळ. तेवढाच वेळ एकच लांब फ्रेम घेतली असती तर वाचनाचा नॉइज एकदाच लागला असता आणि गुणोत्तर १४.७ आलं असतं. म्हणजे तुकडे केल्याची किंमत १२.९ विरुद्ध १४.७ एवढीच, आणि त्या बदल्यात हात हलला तरी चालतं आणि अंगणही वाचतं. तुमच्या सेन्सरचे खरे आकडे भिंतीवरच्या कागदाने आधीच दिलेले असतील. ते इथे घाला म्हणजे किती फ्रेम घ्यायच्या हे तुम्हालाच ठरवता येईल.

जुळवणीत मात्र कस लागतो. संपूर्ण फ्रेम एकदम सरकवून भागत नाही, कारण जवळच्या वस्तू जास्त सरकतात आणि माणसं तर आपापली हलतात. म्हणून चित्राचे चौकोन पाडायचे, आधी चित्र लहान करून ढोबळ सरक शोधायची, मग मोठ्या चित्रावर ती बारीक करायची. तरीही काही चौकोन चुकणारच. कोणी मध्येच हात हलवला असेल तर जुळायला काही नसतंच. इथे मोजलेला नॉइज कामी येतो: दोन चौकोनांमधला फरक नॉइजने समजण्यासारखा असेल तर दोन्ही मिळवायचे, त्याहून मोठा असेल तर दुसऱ्याला तेवढं कमी वजन द्यायचं. नॉइजचा अंदाज चुकीचा असेल तर एक तर भुतासारख्या दुहेरी कडा येतात, नाहीतर काहीच मिसळत नाही आणि नॉइज जागच्या जागी राहतो. विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम इथेच अडतात आणि ते जुळवणीला दोष देतात. निम्म्या वेळा दोष मोजणीचा असतो.

नाइट साइट हे २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर आलेलं याचंच पुढचं रूप. हात किती हलतोय आणि समोर किती हालचाल आहे हे आधी मोजून एक्सपोजर आणि फ्रेमची संख्या ठरते: हातात असेल तर छोट्या एक्सपोजरच्या फार तर १५ फ्रेम, फोन पक्का टेकवलेला असेल तर १ सेकंदापर्यंतच्या ६. २०१९ मध्ये बार्टलोमिय व्रॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी हाताच्या थरथरीचाच उपयोग करून घेतला. सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग दिसतो, उरलेले दोन अंदाजाने भरलेले असतात. हात थोडा थरथरला की पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागेवर दुसऱ्या रंगाचा पिक्सेल येतो. अंदाज करायची गरज कमी होते आणि तपशील खरा मिळतो. फोन ट्रायपॉडवर असेल तर लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा वापरून ते मुद्दाम चित्र किंचित हलवतात. एचक्यू कॅमेऱ्यात अशी यंत्रणा नाही, पण तुमचा हात आहे.

आतापर्यंत फ्रेम साध्या होत्या, फक्त पुष्कळ होत्या. दुसरी शाखा एकाच फ्रेममध्ये प्रकाश वेगळ्या रीतीने गोळा करते, आणि तिच्यात नाशिकच्या रमेश रासकरांचं नाव आलंच पाहिजे. पुण्याच्या सीओईपीत शिकून ते अमेरिकेत गेले. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत असताना अमित अग्रवाल आणि जॅक टम्बलिन यांच्यासोबत त्यांनी २००६ मध्ये फ्लटर शटर मांडलं. धावत्या गाडीचा फोटो हलतो तेव्हा गाडीवरचा प्रत्येक बिंदू एका सलग पट्टीत पसरतो. सलग पट्टीचं गणित असं आहे की काही ठरावीक जाडीचे तपशील तिच्यात पूर्ण शून्य होतात, आणि शून्य झालेलं परत कुठून आणणार? त्यांनी एका एक्सपोजरचे ५२ भाग पाडले आणि ठरवून निवडलेल्या क्रमाने शटर उघडझाप केलं. प्रकाश अर्धाच मिळतो, फोटो तरीही हललेलाच दिसतो, पण त्यात कुठलाच तपशील शून्य होत नाही, त्यामुळे उलटं गणित करून स्पष्ट चित्र काढता येतं.

हा प्रयोग घरी होतो. वेगवान शटर मिळत नाही, म्हणून खोली अंधारी करा आणि शटरऐवजी दिवा उघडझाप करा. साधा एलईडी बल्ब नको, त्याच्या आतली सर्किट स्वतःची लुकलुक मिसळते. १२ व्होल्टची डीसी एलईडी पट्टी घ्या, मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालू-बंद करा, आणि वेळ पाळायचं काम रास्पबेरी पायच्या लिनक्सवर न सोडता पिको किंवा आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर सोपवा, कारण लिनक्स मधेच दुसऱ्या कामाला लागतं. एक भाग ५ मिलिसेकंदांचा धरला तर ५२ भागांचे २६० मिलिसेकंद होतात. या सेन्सरच्या ओळी एकाच वेळी उघडत नाहीत, वरून खाली एकामागून एक उघडतात. पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदाला १० फ्रेम हा त्याचा वेग आहे, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या ओळीत सुमारे ०.१ सेकंदाचं अंतर. एक्सपोजर १ सेकंदाचं ठेवा आणि दिव्याचा क्रम मधोमध चालवा, सगळ्या ओळी उघड्या असताना. ड्रॉवरच्या चॅनेलवर छापील कागद सरळ सरकवा. किती पिक्सेल सरकला हे कळलं की उरलेलं लीस्ट स्क्वेअर्सचं एक गणित आहे. मग तोच प्रयोग सलग दिव्याने करा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.

पुढे एमआयटीत रासकर आणि अँड्रियास व्हेल्टन यांच्या गटाने लेसरची एक स्पंद पाण्याच्या बाटलीतून जाताना दाखवली, तेव्हा दोन फ्रेममधलं अंतर सुमारे २ पिकोसेकंद होतं. ते चित्रीकरण एका दमात झालेलं नाही. स्पंद पुन्हा पुन्हा सोडून, दर वेळी दृश्याचा एक छोटा भाग टिपून ते जुळवलं गेलं. दृश्य हुबेहूब पुन्हा घडवता येत असेल तर संथ उपकरणांनीही वेगवान काम होतं, हे तुमच्या प्रयोगांतही लागू पडेल.

नंतर फोकस बदलण्याबद्दल विचारलंत. लाइट फील्ड कॅमेऱ्याची कल्पना गॅब्रिएल लिपमान यांनी १९०८ मध्येच मांडली होती. रेन एन्ग यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ४००० बाय ४००० पिक्सेलच्या सेन्सरवर २९६ बाय २९६ सूक्ष्म लेन्सची जाळी बसवली. प्रत्येक सूक्ष्म लेन्सखालचे पिक्सेल प्रकाश कोणत्या दिशेने आला ते नोंदवतात, म्हणून फोकस नंतर ठरवता येतो. पण हाती येणारं चित्र जवळजवळ २९६ बाय २९६ चंच. १ कोटी ६० लाख पिक्सेल मोजून एक लाखाहून कमी मिळवायचे. त्यांच्या लायट्रो कंपनीचा कॅमेरा २०१२ मध्ये ग्राहकांच्या हाती आला, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. माझ्या मते त्यामागे हे गणितच मोठं कारण होतं: नंतर फोकस बदलता येतो म्हणून तपशील सोडायला फोटो काढणारे तयार झाले नाहीत.

तुम्हाला सूक्ष्म लेन्स लागत नाहीत. दृश्य स्थिर असेल तर एकच कॅमेरा लाकडी पट्टीवर सरकवत, स्टीलच्या फुटपट्टीने अंतर मोजत, सारख्या अंतरावर फ्रेम घ्या. प्रत्येक फ्रेम ठरावीक पिक्सेलनी सरकवून बेरीज केली की एका विशिष्ट अंतरावरचं सगळं स्पष्ट आणि बाकीचं धूसर होतं. सरक बदलली की फोकस बदलतो. स्टॅनफर्डमध्ये १०० कॅमेरे मांडून झाडोऱ्यामागचं दृश्य बघितलं ते याच तत्त्वाने. घरी खिडकीचे उभे गज घ्या: कॅमेरा आडवा सरकवा, बेरीज बाहेरच्या अंगणावर लावा, गज विरघळून जातात. सरकण्याची एकूण लांबी गजाच्या जाडीच्या कितीतरी पट हवी. आडवे गज असतील तर आडवं सरकून काही होणार नाही, तिथे वर-खाली सरकावं लागेल. जाळी असेल तर दोन्ही.

कॅमेऱ्याचाच फोकस प्रोग्रॅममधून हलवायचा असेल तर एचक्यूच्या लेन्सला मोटार नसते. त्यासाठी रास्पबेरीचाच कॅमेरा मॉड्यूल-३ आहे, २०२३ चा. त्यात लेन्सची जागा डायॉप्टरमध्ये (१ भागिले मीटरमधलं अंतर) देतात: ० म्हणजे अनंत, २ म्हणजे अर्धा मीटर, १० म्हणजे १० सेंटिमीटर. फोकस हलला की चित्राची व्याप्तीही किंचित बदलते, म्हणून फ्रेम एकत्र करण्याआधी त्या एका मापाच्या करून घ्या. आणि वेगाने हलणाऱ्या वस्तूंसाठी सगळ्या ओळी एकदम उघडणारा १.६ मेगापिक्सेलचा ग्लोबल शटर कॅमेराही मिळतो. सुरुवातीला हे दोन्ही घेऊ नका.

प्रोजेक्टसाठी एकच विषय निवडायचा तर मी फ्रेमची मालिका जुळवून बेरीज करणं निवडेन. त्यात मोजणी आहे, जुळवणी आहे, आणि परीक्षकांना डोळ्यांनी फरक दिसतो. पूर्ण रिझोल्यूशनची एक रॉ फ्रेम १६ बिटमध्ये उघडली की जवळपास २५ मेगाबाइट होते, तेव्हा ९ फ्रेमना सव्वादोनशे मेगाबाइट लागतील. रास्पबेरीची मेमरी कमी पडली तर २०२८ बाय १५२० च्या मोडवर या. तिथे नॉइज वेगळा असतो, म्हणून कागदाचा प्रयोग त्याच मोडवर पुन्हा करा. आधी नमपायमध्ये (पायथॉनच्या गणिती लायब्ररीत) लिहा, संथ चालला तरी चालेल. उत्तर बरोबर येतंय याची खात्री झाल्यावर वेग हवा असेल तर हॅलाइड बघा. चित्रांच्या गणितासाठीच बनवलेल्या या भाषेच्या कर्त्यांमध्ये वर आलेले अँड्र्यू ॲडम्स आहेत.

प्रत्येक मालिकेच्या मूळ रॉ फ्रेम आणि त्यांची माहिती एकत्र जपून ठेवा, जेपीजी करून मूळ पुसू नका. सहा महिन्यांनी जुळवणीची चांगली युक्ती सुचली तर त्याच फ्रेमवर ती चालवून जुनं आणि नवं उत्तर समोरासमोर ठेवता येईल.